मार्तंडला घर न देण्याबाबत

मी, श्रीमती यमुना गोपाळराव साल्पेकर, वय सत्तरीच्या पुढे, उपजीविका निवृत्तिवेतन, राहणार महाल, नागपूर, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्यांनी मला आजचा वार विचारला, तेव्हा मी त्यांना वार सांगितला, तिथी सांगितली आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं.

यानंतर नेहमीच्या नमुन्यात एक वाक्य येतं, "कोणाच्याही धाकदपटशाशिवाय व निर्भयपणे." मी दिवाणी न्यायालयात टंकलेखिका होते. ते वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे. पण इथे मला ते लिहिता येत नाही, कारण ते खोटं होईल. मला भीती वाटते. माझ्या दिराचा मुलगा मार्तंड याची वाटते. दाराबाहेरच्या पायरीवर चप्पल वाजली की माझं पेन थांबतं. न्यायालयाने एवढंच ध्यानात घ्यावं की हे मी भीतीपोटी लिहीत नाही, भीती वाटत असूनही लिहिते आहे. टाइप करता आलं असतं, मशीन अजून चालू आहे, पण त्याचा खडखडाट गल्लीभर जातो आणि गल्लीतून तो शहराबाहेर वाडीला, मार्तंडपर्यंत, पोचायला वेळ लागत नाही.

कलम १. घर. महालातलं आमचं स्लॅबचं घर, पुढच्या दोन खोल्या, मागची एक खोली, न्हाणी आणि गच्ची, यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. मी मृत्युपत्र न करता गेले, किंवा केलेलं कच्चं निघालं, तर कायद्याने हे घर यजमानांच्या वारसाकडे जातं, आणि त्यांचा आता जिवंत असलेला वारस एकटा मार्तंड आहे. हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. त्याला काही करायचीही गरज नाही. माझी सही होऊ नये एवढंच त्याने पाहिलं की झालं. सबब हे संपूर्ण घर मी जयवंता नागपुरे, सध्या माझ्याच मागच्या खोलीत राहणारी, हिला पूर्ण मालकी हक्काने देते. मार्तंडला यातली एक वीटही देत नाही.

कलम २. जयवंता कोण, हे लिहिणं भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की म्हातारीला कामवालीने भुलवलं. जयवंता वाडीला ट्रकवाल्यांचे डबे करायची. अमरावती रोडवर एका गोदामामागे भाड्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यातली एक तिची. गोदामवाल्याला ती जागा हवी झाली. खोल्या खाली करून देण्याचं काम मार्तंडने घेतलं. त्याचा धंदाच तो आहे. आधी तो हात जोडून आला. मग नळ तुटला, मग लाइट गेली. मग एका दुपारी स्वयंपाकाच्या शेडवर डिझेल पडलं आणि काडी पडली. जयवंता आत होती. हे मी ऐकीव लिहीत नाही, त्यानेच मला चहा पिता पिता सांगितलं. "आवाज देल्ला होता काकू तिले. निंगाली नाही, तं मी काय करू?"

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळले. केस उभी राहिली, शेजाऱ्यांपैकी कोणाला काही दिसलं नव्हतं, मार्तंड सुटला. मग तिने आमचा पत्ता शोधून काढला आणि मला शिव्या घालायला आली. दारात उभी राहून घातल्या, मी ऐकून घेतल्या. नंतर पाणी दिलं तर तिला पेला धरवेना. तेव्हापासून ती इथे आहे. बोटं नीट वळत नाहीत तरी तिच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन बघावं, मग मला भुलवलं म्हणावं.

कलम ३. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझं क्रियाकर्म करावं, उरेल ते जयवंताच्या हातांच्या औषधपाण्याला. दागिने नाहीत, होते ते यजमानांच्या आजारपणात गेले. टाइपरायटर ज्याला हवा त्याने न्यावा, फक्त भंगारवाल्याला देऊ नये. शेजारचे बाबाराव यांना माझ्याकडून काहीही नाही. उलट त्यांनी नेलेली आमची लोखंडी शिडी परत आणून ठेवावी. ती शिडी आपलीच आहे असं ते लोकांना सांगतात. तिच्या खालच्या पायरीवर गोपाळरावांनी नाव कोरलं आहे, बाबारावांनी चश्मा लावून वाचावं.

कलम ४. मार्तंड माझ्याशी कसा वागतो. मारत नाही, ओरडत नाही. दर गुरुवारी येतो. येताना माझ्या प्रेशरच्या गोळ्या आणतो, गॅसचं सिलिंडर लावून देतो, मागे पंखा घरघर करत होता तर स्टुलावर चढून साफ केला. तो आला की जयवंता गच्चीवर जाऊन बाहेरून कडी लावते. तो वर बघतो आणि म्हणतो, "राहू दे तिले. तू हायेस तोपर्यंत राहू दे." माझ्या घराची एक किल्ली त्याने करून घेतली आहे. मी विचारलं तर म्हणाला, "तुले काही झालं तं दार कोन उघडन?" आणि एकदा, सिलिंडरची नळी बसवता बसवता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कागदबिगद करू नको वं काकू. कागद केला का मानूस लवकर जाते." त्या दिवसापासून गॅस पेटवताना मी आधी नळीचा वास घेते. असं जगावं लागतं आहे, हे रेकॉर्डवर असावं.

कलम ५. तरीही त्याला नुसता गुंड म्हणून मी मोकळी होणार नाही, कारण तो जन्मला तेव्हा मी त्या खोलीत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. नागपूरबाहेरच्या न्यायाधीशांसाठी लिहिते. बांबू-कागदाची भली मोठी मारबत आणि तिच्यामागे बडगे, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे, वाजतगाजत फिरवतात. लोक ओरडतात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत," आणि मग गावाबाहेर नेऊन सगळं जाळतात. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हा मार्तंड जन्मला आणि त्याची आई गेली. सासूबाईंनी ठरवलं की मारबतीने घेऊन जायची ती पीडा आमच्या घरात उतरली. बारशाला कोणी आलं नाही. दीर उमरेडला कोळशाच्या खाणीत नोकरी करत, त्यांनी वर्षात दुसरं लग्न केलं आणि पोर आमच्याकडेच राहिलं.

कोणाच्या लग्नात त्याला नेत नसत. पूजा असली की मागच्या खोलीत बसवत. मी सून होते, माझ्या ताटातलं काढून त्याला देत असे. पोरगा बडबड्या होता, शेपूट धरल्यासारखा माझा पदर धरून फिरायचा. चालता येऊ लागल्यावर सासूबाईंनी त्याच्यासाठी एक काम काढलं. मारबतीच्या दिवशी त्याला नवा सदरा घालायचा, घरातला जुना झाडू आणि आजाऱ्याच्या अंगावरच्या चिंध्या यांचं गाठोडं त्याच्या डोक्यावर द्यायचं आणि बडग्यामागे चालत नेऊन ते जाळात टाकायला लावायचं. म्हणजे घरची पीडा जाते, त्याच्याच हाताने जाते. पुढे गल्लीतले लोकही आपापली गाठोडी आणून देऊ लागले, कोणाचा ताप, कोणाचा कोर्टातला वाद. बाबाराव तेव्हा जवान होते, मंडळात पुढे असत. ते म्हणायचे, "हा आपला जिता बडग्या." सगळे हसायचे. मार्तंडही हसायचा. त्याला वाटायचं हा त्याचा वाढदिवस आहे. शाळेत पोरांना तो सांगायचा की माझ्या वाढदिवसाला सगळं नागपूर ढोल वाजवतं. हे ऐकून मास्तर घरी सांगायला आले होते, मी मोरीत जाऊन रडले होते.

एका वर्षी कोणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी तो जाळापर्यंत गेलाच नाही. दिवेलागणीला परत आला आणि ज्याचं त्याचं गाठोडं ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवून गेला. कोणाचं कोणतं, बरोबर लक्षात होतं त्याच्या. गल्लीत हाहाकार झाला. त्याच आठवड्यात बाबारावांची आई गेली, म्हातारी होती, आजारी होती, पण ते कोण बघतो? पोराला बाहेर ओढलं, तोंडाला काळं फासलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत मारत नेलं, आणि मागून सगळे तेच ओरडत होते, घेऊन जा गे मारबत. गोपाळराव ऑफिसात होते. मी मध्ये पडले, त्या काठीचा वण माझ्या डाव्या मनगटावर आहे, कोणालाही बघता येईल. मी घराकडे पळत आले तर सासूबाईंनी आतून दार लावून घेतलं होतं. उमरेडला सावत्र आईने त्याला ठेवला नाही. तो ट्रकवाल्यांच्या संगतीने वाडीला लागला. मी बसने जाऊन त्याला शोधून काढलं, पण तो परत यायला तयार नव्हता. जिथे जातो तिथे लोक मला भितील असं करीन, म्हणाला. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

कलम ६. आता मूळ प्रश्न. असं ज्याचं झालं त्याने पुढे वाईट केलं तर त्याची कीव करावी की नाही? मी गोपाळरावांना विचारलं होतं, त्यांनी पेपर वर केला. देवळातल्या प्रवचनकारांना विचारलं, ते गोड बोलले आणि निघून गेले. शेवटी जयवंताला विचारलं, कारण उत्तर देण्याचा हक्क तिचा होता. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बाई, लहानपनी तो लय रडला असन. मले मान्य हाय. पन त्याले रडवाले मी नव्हती ना? मंग माह्या हाताले मी काय सांगू?"

ज्यांनी त्याला हाकललं ते सगळे धडधाकट आहेत, शिडीसकट. त्याने जाळलं ते जयवंताला, जिने आयुष्यात मारबत पाहिलीही नव्हती. म्हणून मी असं ठरवलं आहे. त्या पोराची मला कीव येते, आजही येते, भात कालवताना येते. पण त्या कीवेची किंमत जयवंताने का भरावी? कीव माझी आहे, तर जे द्यायचं ते मी माझ्यातलं देईन, तिच्या डोक्यावरचं छप्पर देणार नाही. आणि कीव येते म्हणून भीती कमी होते असंही नाही. दोन्ही एकदम होतं.

कलम ७. मार्तंडला मी पुढीलप्रमाणे देते. माझ्या देहाला अग्नी त्याने द्यावा, दुसऱ्या कोणी नाही. गल्ली आडवी येईल, म्हणेल अशुभ आहे. तर मी जाणूनबुजून लिहिते की हा माझा हुकूम आहे. तेराव्याला त्याला पंक्तीत मधोमध बसवावं, मागच्या खोलीत नाही. ज्याला त्याच्या शेजारी बसायचं नसेल त्याने माझ्या तेराव्याला येऊ नये, बाबारावांनी तर मुळीच येऊ नये. आमच्याकडे समज आहे की जो अग्नी देतो त्याचं घर होतं. तो समज इथे लागू नाही. अग्नी त्याचा, घर जयवंताचं.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्था नंदिनी पाहील. ती माझ्या हाताखाली टायपिंग शिकली, आता रामटेकला वकिली करते, आणि मूळ कागद उद्या सकाळच्या बसने तिच्याकडे जाईल. कायद्याने दोन साक्षीदार लागतात. एक शिवणाचा क्लास घेणाऱ्या कुसुमताई, मी त्यांना म्हटलं आणि त्या हो म्हणाल्या. दुसरा मला गल्लीत मिळाला नाही. मी दारोदार गेले. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणी गावाला चाललं होतं. बाबाराव म्हणाले, "वहिनी, माह्या घरी लेकरंबाळं आहे. मले त्याच्यात नका पाडू. अन् शेवटी ते तुमच्याच घरातलं हाय." तेव्हा एवढ्या पोराला मारायला पुढे होतात, आता सही करायला मागे का, असं मी विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं. एका सहीचं मृत्युपत्र म्हणजे रद्दी. दुसरी सही झाली नाही तर मी इथे लिहिलेलं सगळं वाया जाईल आणि जयवंता रस्त्यावर येईल, किंवा त्याहून वाईट.

इथून अक्षर वाकडं झालं आहे. ते माझंच आहे.

कुसुमताई आल्या होत्या, मी त्यांना सहीची जागा दाखवत होते, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आज मंगळवार. कागद झाकायला वेळ मिळाला नाही. कुसुमताई उठून भिंतीला लागल्या. जयवंता मागे कपडे वाळत घालत होती, तिला वर जाता आलं की नाही मला कळलं नाही. मार्तंडने चपला काढल्या, हातपाय धुतले, खुर्ची ओढली आणि माझ्या हाताखालचे कागद काढून घेतले. "काहून वं काकू, लपून लिहून राहिली?" एवढंच म्हणाला. मग पहिल्यापासून वाचू लागला, ओळीवर बोट ठेवून, कारण शाळा त्याला फारशी मिळाली नाही. त्याने ते कागद फाडले असते तर मी काय करणार होते? जयवंताचं नाव आलं तेव्हा त्याचा चेहरा हलला नाही. बडग्याचं कलम आलं तेव्हा बोट थांबलं.

"ज्याचं गाठोडं त्यालेच वापस केलं होतं, हे तुले कोनं सांगितलं?"

"मी पाहिलं," मी म्हटलं. "दारातून."

"अन् कोनालेच बोलली नाही?"

"नाही."

सातवं कलम त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणाला, "आग मी देऊ?" मी म्हटलं, तूच. "अन् बाबाराव माह्या बाजूले जेवन?" मी म्हटलं, आलाच तर जेवेल, नाहीतर उपाशी घरी जाईल. तो हसला, आणि लहानपणी हसायचा तसाच हसला, म्हणून मला जास्त भीती वाटली. मग कागद सारखे करत म्हणाला, "घराचं काय लिहाचं ते लिहून ठेव. मी घेतो का नाही घेत, ते पाहाले तू थोडीच राहनार हायेस?" कुसुमताई रडू लागल्या. त्याने त्यांना पाणी आणून दिलं.

शेवटी म्हणाला, "दुसरा साक्षीदार नाही भेटला?"

"नाही."

"माह्या भेवानं?"

"हो."

"लग्नात नाही, बारशात नाही, मले आजवर कोनं कशालेच बोलावलं नाही," म्हणाला. "दे पेन."

मी त्याला म्हटलं, तू सही केलीस तर उद्या हे मृत्युपत्र नव्हतंच असं तुला म्हणता येणार नाही. तो म्हणाला, माहीत हाय. मी म्हटलं, आत्ता घडलं तेही मी लिहिणार. म्हणाला, "लिही ना." तो समोर बसला आहे, मी लिहिते आहे, आणि तो माझ्या पेनाकडे बघतो आहे. यापेक्षा जास्त लिहवत नाही. वर लिहिलेली व्यवस्था माझी स्वतःची आहे आणि तीत बदल नाही. आम्ही तिघं एकमेकांसमोर सह्या करत आहोत.

ठिकाण: राहतं घर, महाल, नागपूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मृत्युपत्र करणार: यमुना गोपाळराव साल्पेकर
साक्षीदार पहिला: कुसुम प्रभाकर देवघरे
साक्षीदार दुसरा: मार्तंड यमुना साल्पेकर

सह्यांनंतरची नोंद. मार्तंडच्या वडिलांचं नाव विनायक. त्याच्या आधारकार्डावर, कोर्टाच्या कागदांवर, सगळीकडे मार्तंड विनायक असंच आहे. वडिलांच्या जागी माझं नाव त्याने आज इथे लिहिलं. नाव जुळत नाही एवढ्यावर लोक कसे निसटतात हे मी नोकरीत रोज पाहिलं आहे, आणि ते मार्तंडलाही चांगलं ठाऊक आहे, तो कमी केसेस लढलेला नाही. शिवाय मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षीदारालाच न्यायालयात उभं करतात. माझ्या मागे कुसुमताईही गेल्या तर उभा राहायला हा एकटाच उरेल. त्याने मायेने लिहिलं की पुढची सोय म्हणून लिहिलं? लिहिताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, तरी मला कळलं नाही. ते नाव खोडून टाक असं मी सांगितलं नाही. तसं सांगायला माझी जीभ रेटली नाही, भीतीने नाही, दुसऱ्या कारणाने. नंदिनीने कायद्याने काय करायचं ते ठरवावं.

जाताना चपला घालत त्याने विचारलं, "परवा येऊ ना काकू, गुरुवारी?" मी ये म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. तो पायऱ्या उतरून गेल्यावर मी जयवंताला हाक मारली, आणि आम्ही तिघींनी मिळून लोखंडी कपाट सरकवत आणून दाराला लावलं.

यमुना